घाट उतरायचा तो गिअरवर

दापोलीतून कुठेही निघायचं म्हणजे आधी उतरायचं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवर. हर्णैला जा, आंजर्ल्याला जा, नाहीतर खेडला. रस्ता खालीच नेतो. पुढे मुंबईच्या वाटेवर कशेडी, कराडच्या वाटेवर कुंभार्ली, महाबळेश्वरच्या वाटेवर आंबेनळी. २८ जुलै २०१८ रोजी आपल्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस याच आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि अनेक जण गेले. त्या अपघाताची मीमांसा हा आजचा विषय नाही. पण घाटाची धास्ती दापोलीकरांना कुणी समजावून सांगायला नको. नवी गाडी घेताना म्हणूनच पहिला प्रश्न येतो, ‘एअरबॅग किती?’ प्रश्न रास्त आहे. मात्र एअरबॅग कामाला येते ती धडक झाल्यावर. धडक टाळायची तर उतारावर ब्रेक थंड राहायला हवेत, आणि त्याबद्दल शोरूममध्ये कुणी विचारत नाही.

ब्रेक करतो काय? गाडीच्या वेगाची उष्णता करतो. चिरे भरलेला १६ टनांचा ट्रक दापोलीहून हर्णैच्या किनाऱ्यावर उतरला, तर त्या आठशे फुटांच्या उतरणीत सुमारे १२० लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता तयार होते. थोडी हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली तर ती चार चाकांच्या ड्रममध्ये साठते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना उंचीचा फरक याच्या पाचपट.

ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही उष्णतेनं कमी होते. पेडल दाबलं जातं, पण गाडी ऐकत नाही. कारमध्ये आणखी एक भानगड आहे. तिथे पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकापर्यंत जातो आणि हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणातल्या हवेला ओलाव्याची काय कमी! ‘डॉट ३’ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली बसतं. म्हणून इंजिन ऑइलइतकंच हे तेलही दर दोन वर्षांनी बदलायला हवं. बहुतेकांच्या गाडीत ते कंपनीतून आलेलंच असतं.

विमानवाल्यांनी ही उष्णता किती गंभीरपणे घेतली आहे पाहा. एअरबस ए-३२० मध्ये प्रत्येक ब्रेकचं तापमान वैमानिकाला पडद्यावर दिसतं. ते ३०० अंशांवर गेलं की इशारा मिळतो, आणि ब्रेक निवेपर्यंत पुन्हा उड्डाण करायचं नसतं. चाकांमध्ये ठरावीक तापमानाला वितळणारी बुचं असतात. चाक फार तापलं तर बूच वितळतं आणि टायर फुटण्याऐवजी त्यातला वायू हळूहळू निघून जातो. आपल्या ट्रकचालकाला तापमान सांगणारं यंत्र एकच, ते म्हणजे त्याचं नाक.

रस्त्यावरच्या गाड्यांनी विमानाकडून पुष्कळ घेतलं. तीन टोकांचा सीट बेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोत आणणारे निल्स बोलीन आधी साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. एबीएसही १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये आधी विमानांना बसलं. आपल्याकडे २०१९ पासून नव्या कारना ते सक्तीचं झालं. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. पावसात, शेवाळलेल्या रस्त्यावर त्याचे उपकार मानावेत. पण तापलेल्या ब्रेकला ते थंड करत नाही, हे विक्रेता सांगत नाही.

मग उपाय? जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरवर घाट चढशील त्याच गिअरवर उतर. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना अडवतं. एकट्या डिझेल इंजिनाची ही अडवणूक तशी बेताचीच. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलून घेतलेली शक्ती देऊन टाकते. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स अमेरिकेतल्या कॅहोन घाटात ट्रक उतरवत असताना ब्रेकनी दगा दिला आणि पायथ्याशी मालगाडीची धडक थोडक्यात चुकली. ती दाबलेली हवा ऐन वेळी बाहेर सोडून द्यावी, ही युक्ती त्यांनी पुढे शोधली आणि १९६१ पासून असे इंजिन ब्रेक बाजारात आले. याच कमिन्सच्या नावाची इंजिनं पुण्यात १९६० च्या दशकापासून बनतात. आपल्या अनेक ट्रक-बसना धुराड्याचा मार्ग अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो वापरायचा असतो, हे मात्र आवर्जून सांगावं लागतं.

कारण उलट सवय फार पक्की आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची. एक तर इंजिनाचा आधार सुटतो. दुसरं, बचतही होत नाही. आजच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंदच होतं; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतं. किल्ली बंद करणं तर घातकीच. कारचा ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा घट्ट होतो, स्टिअरिंग जड होतं आणि ट्रकच्या टाकीत नवी हवा भरत नाही.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी ‘डी’ सोडून खालचा गिअर धरावा, तेवढ्यासाठीच तो दिलेला असतो. इलेक्ट्रिक गाडी उतारावर बॅटरी भरत वेग आवरते, पण महाबळेश्वरच्या हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून निघालात तर ती वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. थोडी रिकामी ठेवून निघावं.

आणि जळका वास आलाच, तर पुढच्या वळणाची वाट न पाहता सुरक्षित जागा बघून थांबावं. चाकाला दगड लावावा. ड्रमवर पाणी मुळीच ओतू नये, तडा जातो. अर्धा तास तरी जाऊ द्यावा.