वालाला पाणी नको, वाफसा हवा

बिरड्यासाठी वाल भिजत घालणाऱ्या बाईला उगवणीचं शास्त्र शिकवावं लागत नाही. रात्रभर भिजलेले वाल ती सकाळी उपसते, निथळू देते आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवते. तसेच पाण्यात राहिले तर मोडांऐवजी वास येतो. शेतातही तेच होतं. फक्त तिथं उपसायला कुणी नसतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यात वाल-घेवड्यांचे कितीतरी प्रकार आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असं जपलेलं बियाणं मूठभरच हाती येतं, त्यामुळे ते पाण्यापायी कुजवणं परवडत नाही.

वालाच्या दाण्यावर पांढरी ठळक रेघ असते. तिच्या टोकाशी डोळ्याला जेमतेम दिसेल असं भोक असतं. पाण्याला तिथून वाट मिळते, मग साल सुटते आणि दाणा फुगतो. हे फुगणं मेलेल्या बियाण्यातही होतं, म्हणून फुगलेला दाणा पाहून हुरळून जाऊ नये. ज्यांची सालच पाणी घेत नाही, ते दाणे गणंग राहतात.

खरं काम पुढं सुरू होतं. दाण्याने साधारण आपल्या वजनाइतकं पाणी प्यायलं की वरून काही दिसत नाही, पण आत विकरं जागी होतात, दलांतला साठा विरघळून कोंबाला मिळू लागतो. या वेळी दाण्याला श्वास घ्यायचा असतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील तर हवा कुठून येणार? दाणा गुदमरतो, त्यातून पाझरलेल्या साखरेवर बुरशी चढते आणि तो कुजतो. शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात तो नेमका याचा तोल: ओल आहे आणि हवाही आहे. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, की वाफसा आला.

म्हणून आधी रान ओलवावं, वाफसा आल्यावर टोकण करावी. पेरून वर भरपूर पाणी सोडणं ही उलटी रीत, आणि भारी काळ्या जमिनीत तर घातकच. पाणी सुकलं की वर घट्ट पापुद्रा धरतो. तूर-हरभऱ्याची दलं जमिनीतच राहतात. वाल मात्र मान वाकवून दोन्ही दलं वर ओढत येतो. पापुद्र्याखाली ती मान मोडते.

कमी पाण्याचा धोका वेगळा. मूळ फुटण्याआधी ओल तुटली तर दाणा बहुधा पुन्हा उभारी धरतो, मूळ फुटल्यावर तुटली तर मरतो. याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-कर्जतकडे पहिल्या सरीवर घाईने पेरलं आणि पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणी ठरलेली. हलक्या रानात ओल उडू लागली तर आंबवणीचं, म्हणजे पेरणीनंतरचं हलकं पाणी द्यावं.

फार सुकलेलं बी एकदम गार पाण्यात बुडवू नये. पाणी झपाट्याने शिरून दलांना भेगा जातात. त्यापेक्षा रात्रभर ओल्या फडक्यात ठेवावं. आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या, पण न ठिबकणाऱ्या गोणपाटात गुंडाळून मोड मोजा. सत्तरहून कमी निघाले, तर प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन दाणे टोका.