परतीपासून आखायची सफर : शिडाच्या लहान होड्यांतून मुंबई ते खांदेरी

मुंबई बंदराच्या तोंडापासून अलिबागपर्यंतचा समुद्र लहान शिडाच्या होड्यांच्या ताफ्याला फार सोयीचा आहे. गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत सुमारे आठ सागरी मैल, मांडव्यापासून खांदेरी बेट सात, खांदेरीपासून थळचा किनारा दोन-अडीच, तर अलिबागचा कुलाबा किल्ला पाच. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे कोणताही टप्पा एका सकाळीत उरकण्याजोगा आहे आणि प्रत्येक टप्प्याच्या पूर्वेला किनारा नजरेत राहतो. तरीही या सफरी फसतात, आणि त्या सहसा जाताना नव्हे, येताना फसतात. जाताना वाऱ्याची साथ असते, अंगात उत्साह असतो आणि दिवस पुढे पडलेला असतो. म्हणूनच गटाच्या सफरीची आखणी शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या टप्प्यापासून सुरू करून उलट पहिल्या सकाळपर्यंत आणावी. हिशेबाला धरायची ती ताफ्यातली सर्वांत संथ होडी.

लहान होडी म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. मुंबईत शर्यतींसाठी आणि शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या होड्यांत एंटरप्राइज ही चार मीटरची, दोघांनी चालवायची होडी आहे. लेझर एकट्याने चालवायची. जे-२४ या सव्वासात मीटरच्या बोटीवर पाच जण मावतात, पण तिची स्थिर कील, म्हणजे बुडाखालचे जड पाते, पाण्यात सव्वा मीटर खोल जाते. हा फरक सफरीत फार महत्त्वाचा ठरतो. सेंटरबोर्ड (बुडातून खाली सोडायचे पाते) वर घेता येणारी होडी गुडघाभर पाण्यातून थेट वाळूवर ओढता येते. कील असलेल्या बोटीला मात्र धक्का किंवा नांगर टाकायला पुरेशी खोल जागा हवी. लेझरमध्ये सामान ठेवायला जागाच नसते, त्यामुळे ती रात्रीच्या मुक्कामाच्या सफरीला नेऊ नये. सर्व होड्या शक्यतो एकाच जातीच्या असाव्यात. वेग जुळतो, सुटे भाग एकमेकांना चालतात आणि कुणी मागे पडले तर कारण लगेच कळते.

हलक्या वाऱ्यात अशी होडी ताशी अडीच-तीन सागरी मैल जाते, बऱ्या वाऱ्यात चार. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा प्रवाह काही ठिकाणी ताशी दोन-तीन मैलांपर्यंत पोचतो. म्हणजे प्रवाह विरुद्ध असेल तर शिडे भरलेली होडी जागच्या जागी उभी राहू शकते. म्हणून तारीख ठरवताना रविवार कधी आहे याच्या आधी तिथी कोणती आहे हे पाहावे लागते. कोकण किनाऱ्यावरचे मच्छीमार वापरतात तो हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी. तोंडी हिशेबाचा उपयोग महिनाभर आधी दिवस निवडायला होतो, आणि तिथे तो फार कामाचा आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-पावणेचार मीटरचा फरक पडतो, मोठ्या उधाणाला त्याहूनही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते आणि हा फरक दीड मीटरवर उतरतो. नवख्या गटाला भांगच योग्य. प्रवाह मवाळ असतो, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांपासून पाणी फार दूर जात नाही आणि खडक एकाएकी डोके वर काढत नाहीत. शिवाय अष्टमीला भरती पहाटे सहाच्या सुमारास असल्याने दिवस उजाडताच बंदराबाहेर नेणारी ओहोटी मिळते आणि दुपारनंतर आत आणणारी भरती. जाणे-येणे दोन्ही सुकर करणारी दुसरी तिथी शोधून सापडणार नाही.

वाऱ्याचे गणित थंडीच्या दिवसांत जुळते. मार्गशीर्ष ते माघ या काळात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो पूर्व-ईशान्येकडून येतो आणि हलका असतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, तास-दोन तास समुद्र तेलासारखा गुळगुळीत होतो आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन दुपारी ताशी दहा-पंधरा सागरी मैलांपर्यंत चढतो. मार्च-एप्रिलमध्ये हा दुपारचा वारा अधिक जोराचा होतो, नवख्यांना जड जातो. पावसाळ्यात हा विचारच करायचा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि गेटवे-मांडवा प्रवासी बोटीही पावसाळ्यात थांबतात. मॉन्सूनच्या आगेमागे अरबी समुद्रात वादळांचा धोका असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. हवामान विभागाचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज हे दोन्ही निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे पाहावेत.

आता उलटा हिशेब. मांडव्याहून गेटवे वायव्येच्या बाजूला आहे, म्हणजे दुपारचा वारा अगदी तोंडावर. वाऱ्याला तिरके जात, नागमोडी बाजू बदलत आठ मैल गाठायचे तर होडीची खरी प्रगती ताशी दोन-सव्वादोन मैलच होते. त्याला भरतीने मैलभर हात दिला तर तीन तास लागतात. नाही दिला तर अंधार पडतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा शेवटच्या दिवशी दुपारी दोनच्या आसपास भरती लागायला हवी. दशमीला ती पावणेदोनला लागते. मग आदला दिवस नवमी आणि पहिला अष्टमी, असा तीन दिवसांचा बेत आपोआप तयार होतो.

अष्टमीला सूर्योदयाबरोबर, सातच्या सुमारास, गेटवेजवळून निघून ओहोटी आणि मतलई वाऱ्यावर दहापर्यंत मांडवा. उरलेला दिवस विश्रांतीचा नव्हे, सरावाचा: दुपारच्या वाऱ्यात किनाऱ्याजवळ प्रत्येक होडी मुद्दाम उलटवून सरळ करून पाहावी. जी जोडी हे उथळ पाण्यात करू शकत नाही तिने दुसऱ्या दिवशी खांदेरीकडे जाऊ नये. तिने रस्त्याने थळला यावे. नवमीला सातला निघून, वारा बाजूवर घेत, साडेनऊ-दहापर्यंत खांदेरी. खारा वारा चढण्याआधी, बाराच्या सुमारास बेट सोडून थळला उतरावे, कारण दुपारी किनाऱ्यावर लाट फुटू लागते आणि वाळूवर होडी आणणे कठीण होते. मध्येच वारा पूर्ण पडला तर वल्ही हाती घ्यावी लागतात, म्हणून ती प्रत्येक होडीत हवीतच. दशमीला सकाळी साडेसातला पाणी पूर्ण भरलेले असते, होड्या सहज ढकलता येतात; अकरापर्यंत मांडवा, तिथे जेवण, आणि दोनला शेवटचा टप्पा. अडीचपर्यंत मांडवा सुटले नाही तर त्या दिवशी निघायचेच नाही, हे घरून निघतानाच ठरलेले असावे. समुद्रावर, थकलेल्या माणसांच्या मतांवर हा निर्णय सोपवू नये.

यासाठी एक तांडेल, म्हणजे ताफ्याचा म्होरक्या, लागतो. सल्ला सर्वांनी द्यावा, पण मागे वळा हा शब्द एकाचाच असावा. अनुभवी माणसांनी एकाच होडीत बसू नये. प्रत्येक होडीत एक जाणता आणि एक नवखा अशी वाटणी करावी. सर्वांत पुढची होडी वाट दाखवते, सर्वांत मागच्या होडीच्या मागे कुणी राहत नाही, आणि मधल्या होड्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. प्रत्येक जोडीने एकमेकींना नजरेआड होऊ द्यायचे नाही. सोबत इंजिनाची एक बोट असावी. तिच्यावर ओढायचा दोर, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि शक्य तर स्थानिक कोळी खलाशी. त्याच्या डोळ्यांना पाण्याच्या रंगावरून जे दिसते ते नकाशात सापडत नाही. तरीही डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा सागरी नकाशा घेऊनच निघावे.

लाइफ जॅकेट होडीत ठेवण्याची वस्तू नाही, अंगात घालण्याची आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला याच बंदरात अपघात होऊन जीवितहानी झाली, त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या प्रवासी बोटींवर लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले. शिडाच्या होडीत तर उलटणे हा खेळाचाच भाग आहे. उलटल्यावर होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघणे ही सर्वांत घातक चूक. होडी तरंगत राहते आणि दुरून दिसते. माणसाचे डोके लाटांत दिसत नाही. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. होडीत पाणी उपसायचा डबा दोरीने बांधलेला, छोटा नांगर आणि खोलीच्या निदान पाचपट दोर, टॉर्च, आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोरडे कपडे एवढे हवेच. व्हीएचएफ रेडिओ असेल तर तो चॅनेल १६ वर ठेवावा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक प्रत्येक फोनमध्ये असावेत.

वाटेत काळजीच्या जागा तीन. पहिली मोठ्या जहाजांची वाट: ती शक्य तितक्या काटकोनात आणि सर्वांनी एकत्र ओलांडायची. नौदलाच्या गोदीजवळचा आणि जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याभोवतालचा भाग पूर्ण टाळायचा. सरावासाठी सहा मैलांवरच्या घारापुरीला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. (तिथली लेणी सोमवारी बंद असतात आणि बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही.) दुसरी मांडव्याच्या धक्क्याजवळची: वेगवान बोटी आणि रो-रो सेवेचे जहाज यांच्या मागे उठणाऱ्या लाटा लहान होडीत पाणी भरतात. अशी लाट नाळेवर तिरकी घ्यावी, बाजूवर कधीही नाही. तिसरी, आणि नवख्यांना सर्वांत कमी ठाऊक असलेली, डोल जाळ्यांची. समुद्रात रोवलेल्या आधारांना बांधलेली ही जाळी प्रवाहाच्या जोरावर मासे धरतात. त्यांच्या बोयांकडे नीट पाहिले तर प्रवाह किती आहे हे कळते. पाणी थांबलेले असते तेव्हा बोया मोकळा डुलतो. प्रवाह वाढला की तो एका बाजूला कलतो, मागे पाण्याची रेघ उमटते आणि जोर फार झाला की तो पाण्याखाली ओढला जातो. दोन बोयांच्या मधून जाणे म्हणजे सेंटरबोर्ड किंवा सुकाणू जाळ्यात अडकवणे. आणि जाळे फाटले तर एका कुटुंबाचे उत्पन्न जाते. वळसा घालायला दहा मिनिटे लागतात, ती खर्च करावीत.

खांदेरी ही या सफरीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती रोखण्यासाठी जहाजे पाठवली. कॅप्टन केग्विन त्यांच्या ताफ्यावर होता. मराठ्यांच्या बाजूने दौलतखान होता. १८ ऑक्टोबरला मोठी झुंज झाली. पण बांधकाम तगले ते रोजच्या वाहतुकीमुळे. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजे जागीच अडत, आणि मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या वल्ह्यांवर, रात्रीच्या अंधारात, किनाऱ्यालगतच्या पाण्यातून सामान घेऊन बेटावर पोचत. आजचा प्रवासी ज्या अडीच मैलांतून थळला येतो ते हेच पाणी. पुढे १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीचा ताबा घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे.

बेटावर दोन टेकड्या आहेत, एकीवर १८६७ चे दीपगृह. उतरण्याची जागा किनाऱ्याकडच्या बाजूला, टेकड्यांमधल्या खोलगट भागात आहे. तिथे सर्व होड्यांनी एकदम घुसू नये. तांडेलाने एक होडी आत पाठवावी, लाट कशी उठते ते पाहावे, मग शिडे उतरवून वल्ह्यांवर एकेक होडी आणावी. बेटावर कोळी समाजाच्या श्रद्धेचा वेताळ आहे. बेट पाहताना त्या जागेचा मान राखला जावा. ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा खडक इथेच आहे. उंदेरीला मात्र धक्का नाही, भोवती खडक आहेत. तिथे शिडाच्या होडीने उतरण्याचा प्रयत्न न करता प्रदक्षिणा घालून पुढे जावे. कुलाबा किल्ला ओहोटीला अलिबागच्या वाळूवरून चालत गाठता येतो, तेव्हा तिकडे होड्या नेण्याचा अट्टाहास नको. राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले तिथले गणेशमंदिर पाहायला थळहून रस्त्याने जाणे अधिक सोपे.

परवानग्यांचे काम महिनाभर आधी सुरू करावे. होड्यांची नोंदणी, बंदर हद्दीतून जाण्याची आणि खांदेरीवर उतरण्याची परवानगी, यांची चौकशी मुंबई बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ या दोन्हीकडे करावी. सर्वांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती, होड्यांचे क्रमांक आणि शिडांचे रंग लिहिलेला कागद सागरी पोलिसांकडे द्यावा. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर अनोळखी होडीची चौकशी होतेच, आणि ती झाली पाहिजे. तोच कागद किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाकडे असावा. ताफा कोणत्या वेळी कुठे असेल आणि किती उशीर झाला की मदत मागवायची, हे त्यावर लिहिलेले असावे. गेटवेला पोचल्यावर आधी माथी मोजावीत, मग त्या माणसाला आणि पोलिसांना परतल्याचा निरोप द्यावा. होड्या गोड्या पाण्याने धुणे, शिडे वाळवणे आणि फाटके दोर वेगळे काढणे ही कामे त्यानंतरची, पण त्याच संध्याकाळची.