सुकायला दोन दिवस

उत्तर नायजेरियातल्या ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांवर पावसाळ्यात उथळ डबकी साचतात. त्यांत पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या वाढतात. उघडीप पडली की डबकं आटतं आणि अळीही सुकते. अंगात जेमतेम ३ टक्के पाणी उरतं. हॉवर्ड हिंटन या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं १९६० साली अशा सुक्या अळ्या उणे २७० अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवल्या, शंभराच्या वर तापवूनही पाहिल्या. पाण्यात टाकल्यावर त्या पुन्हा हलू लागल्या. १७ वर्षं कोरड्या राहिलेल्या अळ्याही अशाच जाग्या झाल्याची नोंद आहे.

जपानमध्ये त्सुकुबा इथं ताकाशी ओकुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचं रसायन उलगडलं. सुकताना अळी ट्रेहॅलोज ही साखर बनवते. ती कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यापर्यंत जाते आणि काचेसारखी थिजून पेशींना सांभाळते. पण त्यासाठी दोनेक दिवस लागतात. काही तासांतच सुकवलं, तर साखर तयार होत नाही आणि अळी मरते. चिखलाच्या ज्या नळीत ती राहते, ती नळीच सुकण्याचा वेग कमी करते. मला या सगळ्यात हीच बाब सर्वांत मोलाची वाटते. ही सहनशक्ती संकटाच्या वेगाशी बांधलेली आहे.

इतर पाणकीटकांच्या युक्त्याही अशाच जुन्या, ओळखीच्या संकटांसाठी घडलेल्या आहेत. पाणविंचू शेपटीची नळी वर काढून श्वास घेतो, पाणभुंगा पंखांखाली हवा भरून बुडी मारतो. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने कोरडी टिकतात, म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, घासावंच लागतं.

पण आपल्या नद्यांतलं संकट वेगळं आहे, तिथं खरी अडचण प्राणवायूची. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि पाणी तापलं की कीटकांची गरज मात्र वाढते. कायरोनोमस माशीच्या लाल अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे गटाराच्या गाळातही त्या तगतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय या पाणकीटकांच्या बहुतेक जातींना ते जमत नाही. म्हणून नदीत किडे किती यापेक्षा कोणते, हे आधी पाहायला हवं. लाल अळ्यांची दाटी हे नदी जिवंत असल्याचं लक्षण मानणं मला घातक वाटतं.

मैलापाणी अचानक सुटलं की दगडाखालच्या अळ्या पकड सोडून प्रवाहाबरोबर वाहत जातात. पुढेही तेच पाणी असलं, तर सुटका नाही. नदी कीटकांनी पुन्हा भरते ती बाजूच्या स्वच्छ ओढ्यांतून. तिथं वाढलेल्या माद्या उडत येऊन अंडी घालतात, वाहत आलेल्या अळ्या दगड धरतात. शहरांत आपण नेमके हेच ओढे सिमेंटच्या नळांत घालतो आहोत. नदीकाठ सजवण्याआधी त्यांना वाचवायला हवं, कारण मुख्य पात्रातलं पाणी उद्या सुधारलं तरी त्यात उतरणारे कीटक यायचे ते तिथूनच.