लाकूड वाचावे कसे?



आमच्या छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथील दहाव्या लेण्यास लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. वास्तविक तेथे लाकडाची ढलपीही नाही. सातव्या शतकात कातळात कोरलेले ते बौद्ध चैत्यगृह होय. मग सुताराचे नाव कशास? मान वर करून पाहा. कमानदार छतास ओळीने दगडी फासळ्या आहेत, जणू वाकविलेल्या तुळयाच. कातळाच्या छतास अशा आधाराची गरज नसते. परंतु पूर्वीची चैत्यगृहे लाकडी असत आणि पाथरवटाने सुताराची तीच रचना दगडात उतरविली. कार्ल्यास तर कातळी छताखाली प्राचीन लाकडी फासळ्याच अद्याप पाहावयास मिळतात.

म्हणजे कारागिराचा हात ओळखावयाचा, तर नुसती शोभा न पाहता प्रत्येक भाग तसा का केला, हे विचारावे लागते. आपल्या घरातील जुन्या लाकडी वस्तूंसही हाच नियम लागू पडतो.

जुन्या वाड्यातील सुरूदार खांब किंवा चौकटीवरील गणेशपट्टी आपण समोरून पाहतो. अभ्यासकाने मागील बाजूही पाहावी. हातकरवतीच्या खुणा सरळ, पण किंचित कमीजास्त अंतराच्या असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. लाकूड धाग्यांच्या आडव्या दिशेने आक्रसते, लांबीत फारसे नाही. म्हणून फार जुनी वाटोळी फळी मोजली असता किंचित लांबट भरते. नक्षीच्या खोलगट भागात पटाशीचे बारीक काप दिसतात. धाग्याच्या कलाने पटाशी चालली, तर काप स्वच्छ येतो; उलट चालली, तर लाकूड उचकटते.

ही पद्धत केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत अठराव्या शतकातील कपाटांच्या दर्शनी भागास पुष्कळदा परदेशी महोगनी लावीत, पण खणांच्या तळास व पाठीस बहुधा जवळपासचे स्वस्त लाकूड वापरीत. तेथील अभ्यासक या झाकलेल्या लाकडावरून वस्तू कोणत्या प्रांतात घडली, याचा अंदाज बांधतात.

आता माझीच एक चूक सांगतो. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक सागवानी पेटारा होता. कळकट दिसतो म्हणून तो मी मोठ्या हौसेने घासून घेतला व वर पॉलिश चढविले. पेटारा आरशासारखा चमकू लागला; पण पटाशीच्या खुणा, आखणीच्या रेघा, हातांच्या स्पर्शाने आलेली झिलई, सारे नाहीसे झाले. शाळेत आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविणाऱ्या मी घरातील इतिहास स्वतःच पुसून टाकला!

म्हणून विनंती एवढीच की, जुना देव्हारा, पेटारा वा चौकट विकण्यापूर्वी किंवा घासण्यापूर्वी ती उलटसुलट पाहावी, तिचे चित्र काढावे व ती घरात कोठे होती, हे लिहून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांस तिची हकीकत विचारावी. पुढे काय करावयाचे, ते त्यानंतर ठरवावे.