उपनगरांची वाढ : मोजमाप कशाचे?

शहराच्या वाढीची गणना सामान्यतः लोकसंख्या, इमारती आणि करांचे उत्पन्न यांच्या आकड्यांनी केली जाते. ही वाढ टिकणारी आहे काय, हे मात्र त्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी उत्पन्नाबरोबरच शहर कोणावर भार टाकते आणि कोणती देणी पुढे ढकलते, याचाही हिशेब मांडावा लागतो. मुंबईची उपनगरे हे याचे बोलके उदाहरण होय.

महापालिकेच्या हद्दीत १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर, तर १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड समाविष्ट झाले. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे अडीच लाखांनी घटली. उपनगर जिल्ह्याची मात्र ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेली.

या वाढीचा पहिला भार पाण्याचा. उपनगरांतच असलेल्या विहार (१८६०) व तुळशी (१८७९) या तलावांचा वाटा मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यात जेमतेम अडीच टक्के आहे. बाकीचे पाणी तानसा, वैतरणा व भातसा या नद्यांवरील जलाशयांतून येते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तेथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

पुढे ढकललेल्या देण्याचे उदाहरण मुलुंडला आढळते. तेथील कचराभूमी १९६७ पासून २०१८ पर्यंत वापरात होती. कचरा नुसता टाकणे त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात स्वस्त भासले. परंतु साचलेल्या सुमारे ७० लाख टन कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी पुढे शेकडो कोटी रुपयांची तरतूद करावी लागली. नदीपात्रातील भराव व अतिक्रमणे यांचीही हीच गत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आकसलेल्या मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली.

म्हणूनच पर्यावरण व अर्थव्यवहार यांची नोंद एकत्र होणे अगत्याचे आहे. महापालिका पर्यावरण सद्यस्थिती अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणि २०२४ मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल तयार झाला. हे आकडे विभागवार ठेवले, तरच त्यांचा खरा उपयोग होईल. संपूर्ण शहराच्या सरासरीत सुस्थित वसाहतीचे मुबलक पाणी आणि डोंगरउतारावरील झोपडीतील हंडाभर पाणी यांतील अंतर झाकले जाते.

शहराच्या सीमेवरील ग्रामपंचायतींनाही हा धडा उपयोगी आहे. नव्या वसाहतीस संमती देण्यापूर्वी पाणी कोठून येणार, सांडपाणी व कचरा कोठे जाणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मांडून ग्रामसभेपुढे ठेवली, तर आजचे उत्पन्न उद्याचे कर्ज ठरणार नाही.