नीट बसेल तोच नीट वाजेल

हेडफोनच्या खोक्यावर काय काय छापलेलं असतं? पन्नास मिलिमीटरचा ड्रायव्हर, २० ते २०,००० हर्ट्झ, ७.१ सराउंड, शिवाय सोनेरी मुलाम्याची पिन. यातल्या बहुतेक आकड्यांवरून आवाज कसा असेल याचा काहीही अंदाज येत नाही. २० ते २०,००० हर्ट्झ ही माणसाच्या कानाची ढोबळ मर्यादा आहे; त्या पट्ट्यात कुठला सूर किती जोरात वाजतो हे सांगितलं नाही, तर अगदी स्वस्तातला हेडफोनही तोच आकडा छापू शकतो, आणि छापतोही. जे आकडे खरोखर कामाला आले असते, म्हणजे कानाच्या कुशनचं भोक किती लांब-रुंद आहे, आत खोली किती आहे, हेडबँड डोकं किती जोराने दाबतो, ते मात्र क्वचितच सापडतात. आरामाचा विषय ‘अल्ट्रा कम्फर्ट’ एवढ्या दोन शब्दांत आटोपलेला असतो. घेणाराही मनात तसाच क्रम लावतो: आधी आवाज बघू, आराम नंतर. क्लोज्ड-बॅक हेडफोनच्या बाबतीत हा क्रम साफ चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. तिथे आराम आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

क्लोज्ड-बॅक म्हणजे ज्याच्या कपाची बाहेरची बाजू पूर्ण बंद असते तो. ओपन-बॅकमध्ये तिथे जाळी असते. बंद कप, मऊ कुशन आणि कानाभोवतीची कातडी मिळून हवेची एक छोटी खोली तयार होते. ड्रायव्हरचा, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे-मागे होतो तसा या कोंडलेल्या हवेचा दाब कमी-जास्त होतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची भरदार थाप, गेममधला स्फोट हे सगळे खालचे सूर कानापर्यंत पोचतात ते या दाबातून. कुशन कुठे उचललं गेलं, की वॉशर झिजलेल्या सायकलच्या पंपासारखी गत होते. दांडा खाली-वर होतोय, पण हवा बाजूने निसटतेय. वरच्या सुरांना त्याचा फारसा फटका बसत नाही, त्यामुळे गाणं ऐकू येतंच. फक्त साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग पातळ होतो. फट मोठी असेल तर ही घट दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त भरते. एकजण हेडफोन घालून म्हणतो, ‘याला बेसच नाही.’ दुसरा तोच हेडफोन घालून म्हणतो, ‘बेस फार आहे.’ दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघांची डोकी वेगळी आहेत.

फट पडण्याची कारणं अगदी रोजची असतात. चष्म्याची जाड काडी कुशनखालून जाते आणि तिच्या वर-खाली त्रिकोणी पोकळी राहते. दाट केस, मोठी कानातली हीही कारणंच. कानाच्या पाळीखाली, जबड्यामागे जो खळगा असतो तिथे कुशन टेकतच नाही, अशी डोकी पुष्कळ आहेत. शिवाय बोलताना जबडा हलला की तो खळगा आणखी बदलतो. गेम खेळताना सोबत्यांशी अखंड बोलणं चालू असतं हे लक्षात घेतलं, तर ही बाब क्षुल्लक राहत नाही. फट एकाच बाजूला असेल तर डाव्या-उजव्या कानांतला तोल जातो आणि मधोमध वाजायला हवा तो आवाज एका अंगाला सरकतो. तपासायची रीत सोपी आहे. तबल्याची सावकाश चाललेली विलंबित लय लावायची, डोकं सरळ ठेवायचं आणि दोन्ही तळहातांनी कप हलकेच आत दाबायचे. डग्ग्याचा घुमारा एकदम फुगला तर समजायचं की हवा निसटत होती. फरक जाणवला नाही तर हेडफोन बसला आहे. चष्मा असेल तर तो घालून, आणि तोंडाने काहीतरी बोलत बोलत हीच चाचणी पुन्हा करायची.

न बसणाऱ्या हेडफोनची खरी किंमत मात्र कानालाच मोजावी लागते. बेस कमी वाटला, बाहेरचा गोंगाट आत आला, की माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला ४० तास ऐकायचं तर पातळी ८० डेसिबलच्या आत हवी. ९० डेसिबलला तीच मुदत ४ तासांवर येते. दहा डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा, म्हणून वेळ एकदशांश. रोज दोन-तीन तास गेम आणि वर गाणी असा ज्याचा क्रम आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. नीट बसलेला बंद कप इथे दुहेरी उपयोगाचा ठरतो: आतला बेस पूर्ण मिळतो आणि बाहेरचा आवाज अडतो. अडतो तो सारखा मात्र नाही. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट असे वरच्या सुरांतले आवाज बरेच दबतात. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या बसचं इंजिन कपातून बऱ्यापैकी आत येतं. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो या स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या जर्मन हेडफोनसाठी कंपनी सुमारे १८ डेसिबल अडवणुकीचा आकडा देते. वनरूम किचनमध्ये, जिथे एका कोपऱ्यात मालिका चालू आणि दुसऱ्या कोपऱ्यात मुलाचा गेम, तिथे १८ डेसिबल म्हणजे बरीच शांतता झाली.

आता आरामाची मोजमापं. याच डीटी ७७० चा दाब कंपनी सुमारे ३.५ न्यूटन सांगते, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम वजन डोक्याच्या बाजूंवर रेलल्यासारखं. केबल सोडून वजन २७० ग्रॅम आणि कुशन मखमली कापडाचं. दाबाचा हा आकडा मापदंड म्हणून ठेवायला बरा आहे. दाब फार कमी असेल तर कुशन टेकत नाही, फार असेल तर तासाभरात कानशिलं ठणकतात आणि चष्म्याची काडी रुतते. वजनाचं म्हणाल तर २५० ते ३०० ग्रॅमच्या घरातला हेडफोन बहुतेकांना जड जात नाही. ऑडिझीचा मॅक्सवेल हा गेमिंगचा बंद हेडफोन आवाजासाठी नावाजला गेला, पण तो ४९० ग्रॅमचा आहे. मान आणि टाळू यांना तो भार संध्याकाळभर पेलणार आहे का, हा प्रश्न आधी विचारलेला बरा. मात्र वजन हलकं म्हणजे आराम, असंही नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा स्टुडिओतला जुना खांब, २३० ग्रॅमचा; पण त्याची कुशनं पातळ असल्यामुळे बाहेर आलेल्या कानांची कड आत टेकते. प्रौढ माणसाचा कान उभा साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर असतो. कान पूर्ण आत मावला पाहिजे आणि आत कुठेही टेकता कामा नये. कानावरच बसणारे छोटे हेडफोन मी म्हणूनच यादीतून काढून टाकीन. कूर्चा दाबली गेली की ती दुखणारच.

आपल्याकडच्या हवेचा विचार परदेशी परीक्षणांत येत नाही. बहुतेक कुशनांवर पॉलियुरेथेनचं नकली चामडं असतं. ते हवा अडवतं, म्हणून बेस चांगला राहतो. पण त्याखाली मुंबईच्या मे महिन्यात कान अक्षरशः शिजतो. दुसरं असं की पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होतं. कोकण-गोव्यात दोन-तीन पावसाळ्यांनंतर कुशनचे काळे पापुद्रे मानेवर आणि कॉलरवर सापडू लागतात ते यामुळे. माल निकृष्टच होता असं त्यावरून म्हणता येत नाही. मखमली किंवा जाळीदार कापड थंड राहतं, टिकतंही, पण त्यातून थोडी हवा जाते. म्हणून चामड्याचं कुशन काढून कापडाचं लावलं की बऱ्याच हेडफोनांचा बेस उतरतो. कुशन म्हणजे उशीची खोळ समजून कुठलंही स्वस्तातलं चढवणाऱ्यांचा हेडफोन नंतर ‘बिघडतो’ तो असा. कापडाच्या कुशनसाठीच ज्याचा आवाज जुळवलेला आहे असा हेडफोन मिळाला, तर आपल्या हवामानात तो पहिली पसंती.

इथे जाणकार एक रास्त आक्षेप घेतात. एवढा खटाटोप कशाला, सरळ ओपन-बॅक घ्या. घाम नाही, घट्ट दाब नको, आवाजही मोकळा. हे खोटं नाही. सेन्हायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा पहिला ओपन हेडफोन आणला, तेव्हा त्याचा हलकेपणा हेच मोठं आकर्षण होतं. शांत, स्वतंत्र खोली ज्याला आहे त्याने खुशाल ओपन-बॅक घ्यावा, पस्तावणार नाही. पण जाळीतून आवाज दोन्ही बाजूंनी जातो. घरातल्यांना तुमच्या बंदुका ऐकू येतात आणि तुम्हाला त्यांचा टीव्ही; वर माइकमधून तुमच्याच हेडफोनचा आवाज समोरच्याला जातो. स्वतंत्र शांत खोली किती मराठी घरांत आहे, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचे नॉइज कॅन्सलिंगचे वायरलेस हेडफोन कपातल्या माइकने आतला आवाज सतत मोजतात आणि फटीमुळे गेलेला बेस बऱ्याच अंशी भरून काढतात. बाहेरची घरघरही पुसतात. माझ्या म्हणण्याला हा खरा अपवाद आहे आणि लोकलने जाणाऱ्याने गाण्यांसाठी असाच हेडफोन घ्यावा. गेमसाठी मात्र ब्लूटूथची दिरंगाई आड येते. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे मिलिसेकंद मागे पडणं सहज घडतं. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं असतील तर ही नऊ चित्रांची पिछाडी झाली. बीजीएमआयसारख्या लढाईच्या खेळात पावलं ऐकू येईपर्यंत पावलांचा मालक दारात उभा असतो. शिवाय ब्लूटूथवरचा माइक चालू केला की बहुतेक जोडण्यांवर आवाज टेलिफोनसारखा एकेरी आणि फिका होतो. २.४ गिगाहर्ट्झचा वेगळा डोंगल देणारे हेडसेट या दोन्ही अडचणी टाळतात. वायरही टाळते, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

गेमिंगचा वेगळा आणि गाण्याचा वेगळा हेडफोन हवा, हा समज बाजाराने पोसलेला आहे. आवाज कुठून आला हे मेंदू ओळखतो तो दोन कानांतल्या वेळेच्या आणि जोराच्या सूक्ष्म फरकांवरून, तसंच बाहेरच्या कानाच्या आकारामुळे सुरांत होणाऱ्या बदलांवरून. हे गणित गेम, विंडोज किंवा प्लेस्टेशन ५ स्वतः करतात. त्यासाठी दोन चांगले ड्रायव्हर पुरतात, ७.१ चा शिक्का लागत नाही. उलट ‘गेमिंग’ म्हणून फुगवलेला बेस स्फोटांत पावलांचा आवाज गिळून टाकतो, आणि तोच बेस तानपुऱ्यावर चिखल करतो. जो हेडफोन गायकाचा आवाज वाद्यांतून स्वच्छ वेगळा काढतो, तो खेळातही चालतो. माइकपुरता प्रश्न उरतो, तो टेबलावरच्या किंवा कपाला चिकटवायच्या वेगळ्या माइकने सुटतो. एक सोय तेवढी बघावी: बंद कपांत स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस ओरडून बोलू लागतो, ते टाळायला माइकचा आवाज स्वतःलाही थोडा ऐकवणारं सेटिंग असावं. मध्यरात्री शेजाऱ्यांवरही ते उपकारच.

महाग घेतलं की सगळं आपोआप येतं, असंही मानू नये. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात वाजतो) यांचा संबंध त्यात आढळला नाही. आराम ज्याचा त्याचा असतो, मग परीक्षणं वाचायची कशाला, असं कुणी विचारेल. वाचायची ती परीक्षकाचा चष्मा, केस आणि डोक्याची रुंदी कळावी म्हणून; तारे मोजण्यासाठी नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदार घालून बघू देत असेल तर दोन मिनिटांत उतरवू नका, निदान अर्धा तास डोक्यावर ठेवा; दाब आणि वजन दोन्ही उशिरा बोलतात. ऑनलाइन घेणार असाल तर माल परत घेतात की फक्त बदलून देतात, हे पैसे भरण्याआधी वाचा, कारण ‘डोक्याला बसत नाही’ हा दोष बदली देणाऱ्यांच्या यादीत नसतो. आणि त्या मॉडेलची मूळ कुशनं सुटी विकत मिळतात का, तेही त्याच बैठकीत शोधा. मिळत नसतील, तर तो हेडफोन घेऊ नका.