किलोचा दर ठरला, बाकीचं राहून गेलं

उन्हाळा लागला की गटागटांत पापडाची कामं सुरू होतात. ऑर्डर मोठी आली की आपले हात पुरत नाहीत, मग शेजारच्या एकदोघींना मजुरीवर बोलावतो. त्या दिवसापासून आपण नुसत्या सभासद राहत नाही, मालकीण होतो. हे आमच्या ध्यानात जरा उशिराच आलं.

मागच्या हंगामात गल्लीतल्या एका वहिनींना आम्ही लाटायला घेतलं. किलोला किती, एवढंच बोलणं झालं. वाळवणं, मोजणं, पाकिटं भरणं याचं काय, ते कुणी काढलंच नाही. महिन्याने हिशेब झाला आणि वहिनी न बोलता उठून गेल्या. पुढे हळदीकुंकवालाही आल्या नाहीत. चूक आमचीच होती.

तोंडी करारही करारच असतो; १८७२ चा करार कायदा तो मानतो. अडतं ते पुराव्यापाशी. म्हणून काम सुरू होण्याआधी वहीत चार ओळी लिहाव्यात. काम कोणकोणतं, वेळ किती, पैसे किती आणि कोणत्या दिवशी, काम थांबवायचं तर किती दिवस आधी सांगायचं. दोन्ही बाजूंच्या सह्या किंवा अंगठे, आणि एक प्रत तिच्याकडे. तिला वाचता येत नसेल तर तिच्या घरच्या माणसासमोर वाचून दाखवा. स्टँपपेपर आणायचाय म्हणून लिहिणं लांबवू नका. साध्या कागदावरची सहीची नोंदही कामी येते.

सही घेतली म्हणजे कोणताही दर चालतो, असं मात्र नाही. सरकारने त्या कामाला ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी घ्यायला ती कबूल झाली, तरी कायदा ती कबुली मानत नाही. दर किलोवर असला तरी दिवसभर राबणाऱ्या बाईच्या हातात दिवसाचं किमान वेतन पडलंच पाहिजे. ही मेख आम्हाला ठाऊकच नव्हती! चालू दर कामगार कार्यालयात विचारता येतो. आणि त्याच कामाला बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी, हे तर १९७६ पासूनच बेकायदा आहे.

आता आपला माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचं. 'विकला की देतो' म्हणून तो महिनोन् महिने फिरवतो ना? गटाच्या उद्योगाची 'उद्यम' नोंदणी माल देण्याआधी झालेली असेल, तर २००६ चा लघुउद्योगांचा कायदा आपल्या बाजूला उभा राहतो. मुदत लेखी ठरली असली तरी ४५ दिवसांपलीकडे नाही. ठरलीच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणीला पैसे पडत नाहीत. माल पोचल्याची तारखेची सही तेवढी घ्यायला विसरू नका.

यंदा आम्ही वही घेऊन वहिनींच्या घरी गेलो. मागचे राहिलेले पैसे आधी हातावर ठेवले. त्यांनी पान दोनदा वाचलं, आणि पाकिटं भरण्याचे पैसे वेगळे लिहायला लावले. लिहिले.